डॉट स्लॅश कॉन्फिगर, मेक, मेक इन्स्टॉल

परवा शनिवारी दोन तास फुकट गेले. एका जुन्या पुस्तकातला सॅम्पल प्रोजेक्ट चालवून बघायचा होता. सीमध्ये लिहिलेला, चार-पाच फाईल्सचा, अगदी किरकोळ. कोड पीडीएफमधून कॉपी केला, मेकफाईलही तिथूनच उचलली, टर्मिनल उघडून 'मेक' टाइप केलं आणि एंटर मारला. उत्तर आलं, चौथ्या ओळीवर 'मिसिंग सेपरेटर. स्टॉप.' बस्स. कुठला सेपरेटर, तो असतो कसा, गेला कुठे, काही पत्ता नाही. चौथी ओळ डोळ्यांना एकदम व्यवस्थित दिसत होती.

मी पडलो जावावाला. दिवसभर हे सगळं आयडीई बघून घेतं, मी फक्त हिरवा त्रिकोण दाबतो. शेवटी कळलं ते असं : पीडीएफमधून कॉपी करताना ओळीच्या सुरुवातीचा टॅब गेला आणि त्याच्या जागी चार स्पेस आल्या. मेकला तिथे टॅबच लागतो, स्पेस चालत नाहीत. (आठ स्पेस असत्या तर ग्नू मेकने 'तुम्हाला टॅब म्हणायचंय का?' अशी विचारपूस तरी केली असती. चार स्पेसना तेवढाही मान नाही.)

हा नियम केला कुणी म्हणून शोधायला बसलो आणि रविवारही त्यातच गेला. पण हा रविवार फुकट गेला असं म्हणवत नाही.

सुरुवात थोडी आधीपासून करावी लागेल. 'हॅलो, वर्ल्ड' आपल्या सगळ्यांना पाठ आहे. ते आलं बेल लॅब्जमधून, ब्रायन कर्निहनकडून. सी यायच्या आधी 'बी' नावाची भाषा होती, तिच्यासाठी त्याने १९७० च्या दशकाच्या सुरुवातीला एक छोटं ट्युटोरियल लिहिलं. बीमध्ये एका कॅरॅक्टर कॉन्स्टंटमध्ये चारच अक्षरं मावत, त्यामुळे तिथे हे वाक्य तीन तुकड्यांत आहे. पहिला तुकडा अर्थातच 'हेल' :) पुढे १९७४ मध्ये त्याने सीचं ट्युटोरियल लिहिलं, त्यात हे आलं, आणि १९७८ साली डेनिस रिचीबरोबर लिहिलेल्या पुस्तकाने ते जगभर नेलं.

त्या पुस्तकातलं पहिलं पान पुन्हा वाचून बघा. कॉलेजात वाचलं तेव्हा माझं तिकडे लक्षच गेलं नव्हतं. लेखकांचा भर प्रिंटएफवर नाहीच. ते म्हणतात की नवी भाषा शिकताना पहिला अडथळा मोठा असतो : प्रोग्रॅम कुठेतरी लिहिता आला पाहिजे, कंपाइल करता आला पाहिजे, लोड करून चालवता आला पाहिजे, आणि आउटपुट नक्की कुठे गेलं ते शोधता आलं पाहिजे. एवढं जमलं की बाकीचं त्यामानाने सोपं. म्हणजे हॅलो वर्ल्ड हा भाषेचा धडा कमी आणि मशीनशी ओळख जास्त. आणि त्यासाठी लागणाऱ्या कमांड फक्त दोन. 'सीसी हॅलो डॉट सी', मग 'ए डॉट आउट'.

हे 'ए डॉट आउट' काय प्रकरण आहे, हा प्रश्न मलाही पडला होता. रिचीने नंतर सीच्या इतिहासावर लिहिताना त्याचा उलगडा केला आहे. केन थॉम्प्सनने पीडीपी-७ या मशीनसाठी युनिक्सवरचा असेंब्लर लिहिला तेव्हा लिंकर नव्हता, लायब्ररी नव्हत्या. असेंब्लरमधून एकच फाईल बाहेर पडायची, तिचं नाव ठरलेलं. असेंब्लरचं आउटपुट, म्हणून ए डॉट आउट. लिंकर आला, नाव बदलायची सोय आली, तरी डिफॉल्ट तेच राहिलं. आज लिनक्सवर जीसीसीला नाव सांगितलं नाही तर तो अजूनही हेच नाव ठेवतो, आणि फाईल मात्र असेंब्लरची नसते. आजोबांच्या नावावर राहिलेल्या वीजमीटरसारखं आहे हे.

असो. एका फाईलचा प्रोग्रॅम असेल तर दोन कमांड पुरतात. पंधरा फाईल्स असतील तर? बदललेल्या फाईल्स तेवढ्या पुन्हा कंपाइल करायच्या, मग सगळ्या ऑब्जेक्ट फाईल्स लिंक करायच्या. सगळंच दरवेळी कंपाइल करावं तर त्या काळच्या मशीनवर ते परवडणारं नव्हतं. मग कोणती फाईल बदलली, कोणती राहिली, हे लक्षात कुणी ठेवायचं? अर्थात माणसाने.

आणि माणूस विसरतो. १९७६ सालची गोष्ट. स्टीव्ह जॉन्सन, म्हणजे 'याक' लिहिणारा जॉन्सन, बेल लॅब्जमधल्या स्टुअर्ट फेल्डमनच्या खोलीत तणतणत आला. त्याची अख्खी सकाळ एक बग शोधण्यात गेली होती आणि बग तर त्याने आधीच दुरुस्त केला होता! फाईल सुधारली, पण पुन्हा कंपाइल करायची राहिली, आणि लिंक करताना जुनीच ऑब्जेक्ट फाईल आत गेली. बरोबर असलेला प्रोग्रॅम तो सकाळभर डीबग करत होता. ज्याने हे केलेलं नाही त्याने हात वर करावा. फेल्डमनची आदली संध्याकाळही नेमकी अशाच भानगडीत गेली होती. दोघांनी ठरवलं की यावर काहीतरी टूल पाहिजे. आधी बराच मोठा डिपेंडन्सी अ‍ॅनालायझर डोक्यात होता, तो आटत आटत साधासुधा झाला, आणि त्याच वीकेंडला मेक तयार झालं. एका वीकेंडला!

मेकची कल्पना आजही एका वाक्यात सांगता येते. कशापासून काय बनतं हे फाईलमध्ये लिहून ठेवा. बनलेली वस्तू कच्च्या मालापेक्षा जुनी असेल तर ती पुन्हा बनवा, नाहीतर हात लावू नका. वरण गार झालं म्हणून आपण अख्खा स्वयंपाक पुन्हा करत नाही, वरण तेवढं गरम करतो. मेक ही गोष्ट फाईलच्या शेवटच्या बदलाच्या वेळेवरून ठरवतं. आत काय बदललं ते बघत नाही, फक्त घड्याळ बघतं. म्हणून फाईल दुसऱ्या मशीनवर असेल आणि दोन्ही घड्याळं जुळत नसतील तर मेक हमखास फसतं. तरी जॉन्सनच्या डोक्यात जी यादी असायला हवी होती ती आता डिस्कवर आली, आणि तीसुद्धा साध्या टेक्स्टमध्ये, कुणालाही उघडून वाचता येईल अशी.

दुसरी गोष्ट घडली ती कदाचित फेल्डमनच्याही मनात नसेल. मेकफाईल लिहिली की ती यादी दुसऱ्याला देता येते. तुमचा कोड मी आयुष्यात पाहिलेला नाही, कोणती फाईल कशावर अवलंबून आहे ते मला ठाऊक नाही, तरी मी एक शब्द टाइप करतो आणि तुमचा प्रोग्रॅम माझ्या मशीनवर उभा राहतो. सॅम्पल कोड ही गोष्ट खऱ्या अर्थाने इथून सुरू झाली असं मला वाटतं. त्याआधी जे मिळायचं ते लिस्टिंग.

आता टॅब. त्या काळात याक नवं होतं आणि लेक्स तर नवंकोरं. फेल्डमनने दोन्ही वापरलेली नव्हती, म्हणून या निमित्ताने शिकू असा विचार केला. लेक्सच्या पहिल्याच प्रयत्नात गुंता झाला. मग त्याने सोपा मार्ग धरला : नव्या ओळीच्या सुरुवातीला टॅब आला की पुढे कमांड आहे असं समजायचं. चाललं. काही आठवड्यांनी त्याच्या लक्षात आलं की हे काही खरं नाही, पण तोवर मेक वापरणारे डझनभर लोक झाले होते, बहुतेक त्याचे मित्रच. त्यांच्या मेकफाईल्स मोडायला नकोत म्हणून त्याने टॅब तसाच ठेवला.

डझनभर मित्र! त्यांना त्रास नको म्हणून, आणि माझा शनिवार गेला. ग्नू मेकने टॅबऐवजी दुसरं चिन्ह ठरवायची सोय दिली ती २०१० साली, चौतीस वर्षांनी. मी तरी ती कुठल्या प्रोजेक्टमध्ये पाहिलेली नाही. फेल्डमनला मेकसाठी २००३ सालचा एसीएमचा सॉफ्टवेअर सिस्टीम पुरस्कार मिळाला, आणि तो योग्यच आहे. (जाता जाता : ज्या लेक्समध्ये तो अडकला ते लिहिणाऱ्या दोघांपैकी एक होता एरिक श्मिट. पुढे तो गूगलचा सीईओ झाला आणि फेल्डमनही तिथेच कामाला गेला. टॅबचा विषय कधी निघाला असेल का?)

आपल्याकडे मात्र हा सगळा इतिहास मधूनच कापला गेला. बोरलँडने १९८३ मध्ये टर्बो पास्कल आणलं, पन्नास डॉलरला पाच सेंट कमी. एडिटर आणि कंपायलर एकाच खिडकीत. १९८७ मध्ये टर्बो सी आलं. ती निळी खिडकी मी इंजिनिअरिंगला असतानाही आमच्या कॉलेजच्या लॅबमध्ये होती, विंडोजवर डॉसबॉक्स टाकून त्यात. कंट्रोल एफ-नाइन दाबलं की प्रोग्रॅम चालतो, यापलीकडे काही विचारायचं नसतं हे आम्ही पहिल्याच आठवड्यात शिकलो. कंपाइल वेगळं, लिंक वेगळं, हे व्हायव्हापुरतं पाठ. आणि कर्निहन-रिचींनी तो शेवटचा अडथळा सांगितला होता ना, आउटपुट कुठे गेलं ते शोधणं? टर्बो सीमध्ये आउटपुट क्षणभर चमकून गायब व्हायचं, म्हणून आम्ही सगळे प्रत्येक प्रोग्रॅमच्या शेवटी 'गेटसीएच' टाकायचो. का टाकायचं हे कुणी सांगितलं नाही, आम्ही विचारलं नाही. जर्नलमध्ये ते नसलं तर मार्क जायचे.

तिकडे युनिक्सवाल्यांचे हाल वेगळेच होते. १९८० च्या दशकात युनिक्स एक राहिलंच नाही. बर्कलीचं वेगळं, एटी अँड टीचं सिस्टीम फाइव्ह वेगळं, शिवाय प्रत्येक कंपनीचं आपापलं. एकाकडे हेडर फाईलचं नाव 'स्ट्रिंग', दुसऱ्याकडे 'स्ट्रिंग्ज'. अक्षर शोधणारं फंक्शन एकाकडे 'इंडेक्स', दुसऱ्याकडे 'स्ट्रसीएचआर'. मेकफाईल होती, पण ती चालवण्याआधी उघडून आपल्या मशीनप्रमाणे हाताने बदलावी लागे. १९९१ मध्ये डेव्हिड मॅकेन्झी ग्नूच्या बऱ्याच युटिलिटीज सांभाळत होता. मेकफाईलमध्ये निवडायचे पर्याय वाढत वाढत वीसेक झाले तेव्हा तो कंटाळला आणि त्याने एक छोटी शेल स्क्रिप्ट लिहिली. मशीनवर काय आहे, काय नाही, हे ती स्वतःच तपासून बघे आणि त्याप्रमाणे मेकफाईल बनवे. तिचं नाव कॉन्फिगर. प्रत्येक पॅकेजसाठी अशा स्क्रिप्ट हाताने लिहिणं जड जाऊ लागलं, तेव्हा त्या लिहिणारं टूल त्याने बनवलं, ते ऑटोकॉन्फ. त्यासाठी वापरली एम-फोर ही मॅक्रो भाषा. ती १९७७ मध्ये लिहिलेली, आणि लिहिणारे कोण, तर पुन्हा कर्निहन आणि रिची.

इथून तो तीन शब्दांचा मंत्र आला, जो रीडमी फाईल्समध्ये वर्षानुवर्षं छापला गेला. डॉट स्लॅश कॉन्फिगर, मेक, मेक इन्स्टॉल. स्क्रीनवर 'चेकिंग फॉर' असं काही ना काही धावत राहतं आणि आपण चहा पिऊन येतो.

एक तपशील इथे नोंदवून ठेवतो, पुढे लागेल. ज्याला प्रोग्रॅम फक्त चालवायचाय त्याच्याकडे ऑटोकॉन्फ असेलच असं नाही. म्हणून प्रथा अशी पडली की लेखकाने कॉन्फिगर स्क्रिप्ट स्वतःच्या मशीनवर तयार करायची आणि टारबॉलमध्ये आयती घालून द्यायची. ती हजारो ओळींची असते आणि मूळ रिपॉझिटरीत बहुधा नसतेच, कारण ती 'जनरेटेड' आहे. जनरेटेड फाईल कोण वाचतं?

जावावाल्यांनी वेगळी चूल मांडली. सनमध्ये जेम्स डंकन डेव्हिडसन टॉमकॅटवर काम करत होता. कोड जावाचा, म्हणजे कुठेही चालणारा, आणि मेकफाईल मात्र युनिक्सच्या कमांडवर अवलंबून, हा विनोदच होता. शिवाय टॅब! अ‍ॅन्टच्या मॅन्युअलच्या प्रस्तावनेत टॅबच्या आधी चुकून पडलेल्या स्पेसवरून चक्क वैताग व्यक्त केलाय. २००० साली अ‍ॅन्ट स्वतंत्रपणे बाहेर आलं, एक्सएमएलमध्ये. टॅबपासून सुटका झाली आणि कोनी कंस नशिबी आले. डेव्हिडसनने नंतर कबूल केलं की आज लिहिलं असतं तर सरळ एखादी स्क्रिप्टिंग भाषा वापरली असती. तोवर उशीर झाला होता. (फेल्डमनचे डझनभर मित्र आठवा.)

मग मेव्हन. १.० आलं २००४ मध्ये, २.० त्याच्या पुढच्या वर्षी. कशापासून काय बनतं हे लिहायची गरजच नाही, फोल्डरची रचना ठरलेली, लायब्ररी नेटवरून आपोआप येणार. सॅम्पल प्रोजेक्टसुद्धा मेव्हनच बनवून देतं. आत एक 'अ‍ॅप' नावाचा क्लास, तो 'हॅलो वर्ल्ड' छापतो. पण त्याची पहिली बिल्ड चालवा आणि बघा किती फाईल्स डाउनलोड होतात ते. कर्निहनला दोन कमांड लागल्या होत्या. आम्हालाही दोनच लागतात, फक्त मध्ये अर्धं इंटरनेट उतरतं.

ही डाउनलोडची सवय सगळ्याच भाषांना लागली. २०१६ च्या मार्चमध्ये एका डेव्हलपरने एनपीएमशी नावावरून वाद झाल्यावर आपली अडीचशेहून जास्त पॅकेजेस काढून घेतली. त्यातलं एक होतं 'लेफ्ट-पॅड'. अकरा ओळींचं, स्ट्रिंगच्या डावीकडे स्पेस भरणारं. तेवढ्याने जगभरच्या बिल्ड पडल्या आणि दोनेक तासांत एनपीएमला ते परत आणावं लागलं. त्या घटनेवर आपण सगळे भरपूर हसलोय, त्यामुळे पुढे जातो. कारण मला रविवारी खरं अस्वस्थ केलं ते दुसऱ्याच गोष्टीने.

एक्सझेड नावाची कॉम्प्रेशन लायब्ररी आहे. बहुतेक प्रत्येक लिनक्स मशीनवर ती असते. वर्षानुवर्षं ती जवळजवळ एकटाच माणूस फावल्या वेळात सांभाळत होता. २०२१ च्या सुमारास 'जिया टॅन' या नावाने कुणीतरी मदतीला आलं. नीट पॅच पाठवले, विश्वास मिळवला, हळूहळू रिलीज काढायचे अधिकार मिळवले. हे नाव खरं कुणाचं होतं का, हे आजवर बाहेर आलेलं नाही. फेब्रुवारी आणि मार्च २०२४ मध्ये ५.६.० आणि ५.६.१ ही दोन व्हर्जन बाहेर पडली. त्यांच्या सी कोडमध्ये बॅकडोअर शोधून सापडलं नसतं, कारण ते तिथे नव्हतंच. ते होतं बिल्डमध्ये. टारबॉलमध्ये एक एम-फोरची फाईल बदललेली होती, रिपॉझिटरीत तो बदल नव्हता. कॉन्फिगर चालवलं की त्यातून एक स्क्रिप्ट जागी व्हायची, टेस्टसाठी म्हणून ठेवलेल्या 'करप्ट' सॅम्पल फाईल्समधून बायनरी तुकडा बाहेर काढायची आणि मेकफाईल बदलून तो लायब्ररीत मिसळायची. तोही सगळीकडे नाही. ६४ बिटच्या इंटेल किंवा एएमडी मशीनवर, लिनक्सवर, डेबियन किंवा आरपीएमचं पॅकेज बनवलं जात असेल तरच. घरी कुणी सहज बिल्ड करून बघितलं असतं तर सगळं स्वच्छ. उद्देश एसएसएचमधून सर्व्हरमध्ये शिरण्याचा होता.

म्हणजे फेल्डमनने मुद्दाम वाचता येईल अशी ठेवलेली फाईल, मॅकेन्झीने कंटाळून लिहिलेली स्क्रिप्ट, कर्निहन-रिचींची मॅक्रो भाषा, आणि आयती कॉन्फिगर घालून द्यायची ती भलेपणाची प्रथा. चोराने यातलं काहीही तोडलं नाही. सगळ्यांचा जसा वापर व्हायला हवा तसाच केला.

पकडलं ते अँड्रेस फ्रॉइंडने, पोस्टग्रेसवर काम करणाऱ्या मायक्रोसॉफ्टमधल्या इंजिनिअरने. तो सिक्युरिटीवाला नाही. पोस्टग्रेसची मोजमापं घेताना मशीन शांत हवं होतं आणि एसएसएचची लॉगिन उगाच सीपीयू खाताना दिसली. मोजलं तर पूर्वी ०.३ सेकंद लागायचे तिथे ०.८ लागत होते. अर्ध्या सेकंदासाठी तो मागे लागला, आणि २९ मार्च २०२४ ला त्याने ते जाहीर केलं. तोवर हे व्हर्जन डेबियन आणि फेडोराच्या चाचणी आवृत्त्यांपर्यंत आलं होतं, बहुतेक सर्व्हर ज्यावर चालतात त्या स्थिर आवृत्त्यांपर्यंत नाही.

रविवारी रात्री टॅब नीट केल्यावर तो पुस्तकातला प्रोजेक्ट पहिल्या फटक्यात चालला. मग त्याला लागणारी एक छोटी लायब्ररी सोर्समधून टाकायची होती. टारबॉल उघडला, आत कॉन्फिगर नावाची फाईल होती. चला, आज वाचूया म्हणून एडिटरमध्ये उघडली. पहिल्या दोनशे ओळी तर नुसतं शेल कोणतं आहे हे ठरवण्यात जातात. स्क्रोल करत राहिलो. हजार, दोन हजार, पाच हजार. साडेअकरा वाजून गेले होते, सकाळी आठची बस.

बंद केली, आणि कॉन्फिगर चालवून चहा ठेवायला गेलो.